बैठकसाहेबांचे दोन ओटले

कुठल्याही जागेचा नकाशा काढायचा झाला की बैठकसाहेब आधी तिथं जाऊन बसत. नुसते बसत. काखेतलं घडीचं स्टूल उघडायचं, डोक्यावर छत्री धरायची, बाजूला पाण्याची सुरई ठेवायची, की झालं यांचं काम सुरू. नगरपालिकेच्या बगीचे खात्याचे ते अधीक्षक. पण रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, कुणी पेन्शनर सुनेशी भांडून येऊन बसलाय बिचारा. सकाळी बसत, भर दुपारी बसत, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत बसत. खात्यातल्या माळ्यांनी त्यांचं नाव ‘बैठकसाब’ पाडलं, आम्ही मराठी लोकांनी त्याचं बैठकसाहेब केलं. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई.

मी त्या खात्यात नकाशे ट्रेस करायला होते. मध्य प्रदेश नुकता झाला होता, राजधानी भोपाळनं पळवली म्हणून अख्खं इंदूर फुरंगटून बसलं होतं, आणि कचेरीत बाई दिसली की लोक खिडकीतून वाकून बघत, ते दिवस. कृष्णपुऱ्यातल्या घरून मी पायी यायची ती कामाची घाई घेऊनच. आणि इथं कागद आठवडा आठवडा कोरा! “साहेब, काहीतरी काढा हो, नाहीतर मला तरी घरी पाठवा,” मी एकदा कुरकुरले. ते म्हणाले, “बाई, मुलगी बघायला गेल्यावर कुणी दारातूनच होकार देतं का? बसायचं, पोहे खायचे, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघायचं. मग सांगायचं.” मी तेव्हा लग्नाची होते, पोह्यांच्या बशा पुढे करून करून विटले होते. हा दाखला मला मुळीच आवडला नाही, आणि तसं मी तोंडावर सांगितलंही. ते इतके हसले की पायाशी ठेवलेली सुरई कलंडली.

हिरवळीवर त्यांचा राग होता. त्या काळी जो तो साहेब बंगल्यापुढं विलायती गालिचा मागे, मधोमध कारंजं मागे, भोवती तारेचं कुंपण आणि ‘घास पर चलना मना है’ अशी पाटी मागे. बैठकसाहेब म्हणत, “लॉन म्हणजे घरजावई. रोज पाणी हवं, रोज मान हवा, आणि कामाचा काडीचा नाही.” त्यांना चिंच, जांभूळ, करंज, कडुनिंब असली झाडं आवडत. माळी महिनाभर गावी गेला तरी जे झाड रुसत नाही तेच लावावं, असा त्यांचा नेम. आमची माळव्याची काळी माती पावसात चपला ओढून घेते आणि वैशाखात भेगाळते. म्हणून प्रत्येक बागेचा एक कोपरा ते मुद्दाम खोलगट ठेवत आणि सगळं पाणी उतार देऊन तिकडं वळवत. लोक ओरडत, “साहेब, इथं डबकं होईल!” हे शांतपणे म्हणत, “होऊ दे की. चार दिवसांत जमीन पिऊन टाकेल. तहान तिला लागते, तुम्हाला नाही.” आणि खरंच, त्यांच्या बागांमधल्या विहिरी उन्हाळ्यातही सहसा आटत नसत.

दुसरा राग बाकांवर. “बाकावर माणसं फोटो काढायला बसवल्यासारखी बसतात. सगळ्यांची तोंडं एकीकडं. भांडणार कसं?” त्यांना ओटला हवा. तुमच्याकडं ज्याला कट्टा किंवा ओटा म्हणतात, तो आमचा ओटला. इंदुरी माणसाचं अर्धं आयुष्य त्याच्यावर जातं. मांडी घालून बसा, पाय सोडून बसा, मध्ये शेवेचा पुडा उघडा आणि दुनियेची उलाढाल करा. बैठकसाहेबांचे ओटले चांगले रुंद असत, दगड घासून गुळगुळीत केलेला असे, आणि म्हाताऱ्यांना उठताना हात टेकायला एका बाजूला उंचवटा असे. तो उंचवटा किती असावा हे ठरवायला त्यांनी मला, चपराशाला आणि एका भल्या जाड हेडक्लार्कला पाळीपाळीनं विटांवर बसवून उठवलं होतं.

आता अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या मैदानाची गोष्ट सांगते, कारण साहेब काय चीज होते ते मला तिथं कळलं. तिकडं नवी वस्ती होत होती. मैदानाच्या पूर्वेला दरबारी घरं. यांचे आजे-पणजे होळकरांच्या फौजेत नाहीतर कचेरीत. संस्थान गेलं तरी यांच्या बोलण्यातला मुजरा गेला नव्हता. पश्चिमेला नंतर आलेले: रेल्वेचे, मिलचे कारकून, शाळामास्तर. दोन्हीकडं मराठीच, दोन्हीकडं पुरणपोळीच. पण दोघांमधून विस्तव जात नव्हता. दरबारी कारकुनांना ‘परवा आलेले’ म्हणत, कारकून त्यांना ‘रिकामे सरदार’ म्हणत. पूर्वेकडचे पुढारी मामासाहेब, म्हणजे पिळदार मिशांचे, हातात चांदीच्या मुठीची काठी. पश्चिमेकडचे देसाई मास्तर, आवाज वर्गातला आणि मान ताठ. आणि या दोघांनी आयुष्यात प्रथमच एकमतानं एक मागणी नगरपालिकेकडं केली: मैदानाच्या मधोमध भिंत घाला. अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. बरोबर मध्यावर एक जुनी, प्रचंड चिंच उभी होती. ती पाडावी लागणार होती. मामासाहेब म्हणाले, “पाडा खुशाल. चिंचेवर भूत असतं.”

मोठ्या साहेबांनी भिंत मंजूर केली आणि काम बैठकसाहेबांकडं आलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा अस्वस्थ पाहिलं. “बाई, एवढं मैदान आहे म्हणून मैदान आहे. चिरलं की दोन गल्ल्या होतील. मुलांना धावता येणार नाही, बायकांना बसता येणार नाही, आणि ती चिंच पुन्हा या जन्मात कुणाच्या नशिबी येत नाही.” मला वाटलं, आता हे वरती जाऊन भांडतील. कसले भांडतात! स्टूल घेतलं आणि चैत्राच्या उन्हात मैदानावर जाऊन बसले. चिंचेची सावली सरकेल तसे खडूनं दगडांवर खुणा करत होते. लोक म्हणाले, काम से गया बेचारा.

मग त्यांनी मामासाहेबांना आणि मास्तरांना एकत्र बोलावलं. “भिंत पावसाळ्याच्या तोंडावर घालू. तोवर दोघांना आपापल्या हद्दीत एकेक ओटला बांधून देतो. चालेल?” दोघेही खूश. फक्त आपलाच ओटला मोठा हवा, एवढीच दोघांची अट. “बराबर सारखे करतो,” साहेब म्हणाले. मामासाहेब वर म्हणाले, “आमचा पूर्वेचा. पूर्व मानाची.” “अर्थात,” साहेबांनी मान लववली. ओटले चिंचेपासून बऱ्यापैकी लांब, साहेबांनी दाखवलेल्या जागी बांधले गेले. भूत लांब राहिलं म्हणून मामासाहेबांना तेही पसंत पडलं.

हात दाखवून अवलक्षण ते हेच! दिशांचा मान बघितला, पण सूर्य साहेबांखेरीज कुणी बघितलाच नाही. सकाळी ऊन पूर्वेकडून, तेव्हा चिंचेची सावली जाऊन पडे पश्चिमेच्या, म्हणजे कारकुनांच्या ओटल्यावर. आणि तेव्हा कारकून असत कचेरीत! सकाळी पेपर वाचायला मोकळे कोण? दरबारी पेन्शनर, आणि त्यांचा मानाचा ओटला तव्यासारखा तापलेला. संध्याकाळी उलट. कारकून घामाघूम होऊन घरी येत तेव्हा गार सावली मामासाहेबांच्या ओटल्यावर, आणि मामासाहेबांची मंडळी घरात वामकुक्षी आटोपून चहा घेत बसलेली.

चार दिवसांत मामासाहेब कचेरीत हजर. मिशा थरथरतायत. “साहेब, ये क्या तरीका आहे? आमच्या ओटल्यावर त्यांची बायकामुलं येऊन बसतात, शेव खातात, कागद टाकतात!”

“अरे बापरे,” साहेब म्हणाले. “मग तुम्ही सकाळी त्यांच्या ओटल्यावर बसा. हिसाब बराबर.”

मामासाहेब गेले की दुसऱ्या सकाळी, रागारागानं, सगळा गोतावळा घेऊन! शाळेला सुट्टी होती, मास्तर घरीच. ते तरातरा भांडायला बाहेर आले. साहेब लांब स्टुलावर बसलेले आणि नकाशा देण्याच्या निमित्तानं मी त्यांच्यामागं उभी. मी मनात म्हणाले, आता काठ्या चालणार. “ओटला आमचा आहे!” मास्तर गरजले. “ओटला नगरपालिकेचा!” मामासाहेब. “नगरपालिका तरी आपली राहिली आहे का? सगळं भोपाळवाल्यांनी नेलं!” मास्तर कडाडले. मामासाहेबांनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले, “हे मात्र बरोबर बोललास, भिया. बैस.” इंदुरात ‘भिया’ म्हणजे भाऊ; तसं म्हटलं की भांडण अर्धं मिटतं. राजधानी या एका दुःखावर दोघांची जी गाडी सुटली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबली नाही. मास्तरांच्या बायकोनं वैतागून शेवटी चहा पाठवला.

त्या उन्हाळ्यात मी त्या मैदानावर जे पाहिलं ते कुठल्या नकाशात बसणारं नव्हतं. सकाळी दरबारी पश्चिमेला, संध्याकाळी कारकून पूर्वेला, आणि मधल्या वेळात सावली सरकेल तसे दोघेही आपापले पुडे, पेपर आणि भांडणं घेऊन सरकत. मामासाहेबांच्या सुनेनं मास्तरांच्या लेकीला भरतकाम शिकवलं. लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडं गेल्या. साहेब रोज येऊन बसत, आणि भिंतीचा विषय चुकूनही काढत नसत.

पण मंजूर झालेली भिंत कागदावर जिवंत होतीच. ज्येष्ठात विटा येऊन पडल्या. एका सकाळी मिस्त्री आला, दोरी ताणली, चिंचेच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची खूण केली आणि पश्चिमेच्या ओटल्यावर चहा पीत बसलेल्या मामासाहेबांना म्हणाला, “बाबूजी, ज़रा उठो. काम चालू करना है.”

“मग माझं घर तिकडं. मी जायचं कुठून?”

“बाहर से, सडक-सडक घूम के.”

“म्हणजे उद्यापासून चहाला मी सडकेनं फिरून येऊ?”

“नाहीतर काय, या वयात भिंतीवरून उडी मारणार आहात?” मास्तर म्हणाले, पण नजर त्यांचीही त्या दोरीवरच होती. दोघांनी वळून बैठकसाहेबांकडं पाहिलं. साहेबांनी हात वर केले. “माझ्याकडं काय बघता? भिंत तुमची. तुम्हीच मागितली.”

मामासाहेबांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि काठीनं ती दोरी उचलून बाजूला फेकली. “रहने दो. नको भिंत. काय मास्तर?”

“नकोच,” मास्तर म्हणाले.

“और ईंटें?” मिस्त्री हैराण. “तीसरा ओटला बांध,” मामासाहेबांनी हुकूम सोडला. तो बांधला, आणि बायकांनी त्याचा असा ताबा घेतला की पुरुषांना तिथं पाय ठेवायची छाती झाली नाही. चिंच राहिली. मोठे साहेब चिडले, मग स्वतःच बघायला आले, आणि भजी खाऊन गेले.

पुढं बैठकसाहेबांना भोपाळनंच बोलावलं, नव्या राजधानीच्या बागा करायला. वस्तीनं निरोप दिला. मैदानावर त्यांच्या नावाची फरशी लावायचं ठरत होतं, तर ते ठाम नाही म्हणाले. “नाव लागलं की जागा कुणाची तरी होते. मग परत भिंत मागाल.” मामासाहेब म्हणाले, “शेवटी भोपाळवाल्यांनी तुम्हालाही नेलं!” आणि सगळे हसले. मी नाही हसले. मला फार वाईट वाटलं होतं, आणि ते मी लपवलंही नाही.

पुढच्याच हिवाळ्यात कचेरीत फोन आला. तिकडंच, छातीत कळ येऊन, साहेब गेले. लग्न केलेलं नव्हतं. एक बहीण होती ती केव्हाच वारली होती. भोपाळच्या कचेरीतल्या लोकांनीच सगळं उरकलं होतं. मी धावत मैदानावर गेले आणि ओटल्यावरच्या दोघांना सांगितलं. मामासाहेबांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, “उठावना इथं करायचा.”

“आपल्यात उठावना नसतो, मामासाहेब,” मास्तर हळूच म्हणाले. “तो इकडच्या लोकांचा रिवाज. आपल्यात दहावं, बारावं.”

“ते घरचे करतात. त्यांच्या घरचं कोण आहे?”

उठावन्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, घरची माणसं एका बाजूला रांगेनं बसतात; येणारे समोरून येतात, हात जोडतात, घटकाभर टेकतात आणि जातात. तशी चिंचेखाली जाजमं अंथरली. दरबारी आले, कारकून आले, आणि ठरवल्यासारखे सगळे घरच्यांच्याच रांगेत बसले. मी मामासाहेबांची सून आणि मास्तरांची बायको यांच्या मध्ये बसले आणि वडिलांना रडावं तशी मोकळी रडले. मग खात्यातला म्हातारा माळी आला. चपला काढून, हात जोडून उभा राहिला आणि त्याला कळेना, हात जोडायचे कुणाला. “बाबूजी, घरवाले कौन?” मास्तरांनी सरकून जागा केली. “बैस, भिया. तू पण घरचाच.”

तो बसला. मिस्त्री आला, तोही बसला. कोपऱ्यावरचा पोहेवाला गाडी तशीच सोडून आला. जो जो आला तो रांगेत बसत गेला, आणि समोरून हात जोडून निघून जाईल असं कुणी उरलंच नाही.