देवीपुढं जाकीट

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण फौज काही घरातून गेली नाही. गेल्या वर्षी कोयनेच्या धक्क्यावर बोटीत चढायच्या आधी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं: मला, नणंदेला आणि पंचाहत्तरीच्या सासूबाईंना. एकेकीच्या जीवरक्षक जाकिटाचं बक्कल ओढून पाहिलं. मग फलकावरचे नियम मोठ्यानं वाचून दाखवले. जाकीट काढू नये, बोटीत उभे राहू नये, सर्वांनी एका बाजूला जाऊ नये. नावाड्याच्या जाकिटाचं बक्कल मोडलेलं होतं, त्यानं पट्ट्यांना सुतळीची निरगाठ मारली होती. यांनी त्यालाही सोडलं नाही. "गड्या, निदान तुझं तरी धड ठेव की रं." तो बिचारा नुसता हसला.

सासूबाईंचं माहेर धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या परकरी पोर असताना गाव उठलं. देवीची मूर्ती नव्या वसाहतीत नेली, पण सासूबाईंच्या मते देवी जागची हललेलीच नाही. डोळे मिटायच्या आत जुन्या देवळाच्या जागी तिची ओटी भरायची, असा त्यांनी हट्ट धरला होता. त्यांच्या हट्टापुढे सुभेदारांची मात्रा चालत नाही, तिथं माझी काय कथा.

समोरच्या डोंगराची खूण धरून नावाड्यानं इंजिन बंद केलं. म्हणाला, "आवं आजी, हितंच. ह्याच्या बराबर खाली."

सासूबाईंनी चपला काढल्या. पदर डोक्यावर घ्यायला गेल्या, तर तो जाकिटाखाली अडकलेला. त्यांनी बक्कल उघडलं, जाकीट उतरवलं आणि चपलांशेजारी नीट ठेवून दिलं. ते बघून नणंदेनं काढलं. मीही काढलं. डोक्यावर पदर न घेता देवीची ओटी कशी भरायची? मला वाटलं, आता हे आमच्यावर खेकसणार. वळून पाहते तर आमचे शिस्तीचे सुभेदार जाकीट काढून, अनवाणी, हात जोडून उभे. नावाडीही आपल्या गाठीशी झटत होता, पण ती सुटेना.

आणि देवीच्या दर्शनाला आम्ही सगळे एकाच बाजूला गेलो.

बोट कलली. ओरडायलासुद्धा सवड मिळाली नाही. सासूबाई ओटीसकट पाण्यात गेल्या. त्यांचा पदर माझ्या हाती लागला, मी जीव खाऊन ओढला, तर नुसती नऊवारीच सुटत सुटत माझ्याकडे येत राहिली. पलीकडून काही ओझंच लागेना. नारळ तरंगत होता. सासूबाई दिसत नव्हत्या.

त्यांचा हात एकदा वर आला आणि नावाड्यानं उडी टाकून तो धरला. त्या एका जाकिटानं दोघांना वर ठेवलं. ती निरगाठ सुटली असती तर आमच्यापैकी कुणाच्याही अंगात जाकीट नसतं, हे मला काठावर आल्यावर उमगलं. सासूबाई चादरीत गुंडाळलेल्या, दात वाजत होते. मला संताप आला होता, पण तो काढायचा कुणावर? चपलांबरोबर अक्कलही आम्ही सगळ्यांनीच काढून ठेवली होती.

ओटी अर्धवट राहिली म्हणून सासूबाई यंदा पुन्हा हटून बसल्या. माझा जीव टांगणीला लागला होता, तरी गेलो. तीच जागा, तोच नावाडी, जाकिटाला नवं बक्कल. इंजिन बंद झालं आणि नणंदेचा हात आपसूक बक्कलाकडे गेला.

सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "हात काढ. कुनी उठायचं न्हाई."

"आगं आई, देवी काय म्हनंल?"

सासूबाईंनी जाकिटावरूनच पदर डोक्यावर ओढला आणि बसल्या जागेवरून नारळ पाण्यात सोडला.

"काय म्हनत न्हाई. ती सवता बुडलीया. तिला कळतंय."