मीठवाल्याची व्हॅलियंट

अमेरिकेतल्या डलूथ गावात हिवाळ्यात कोणाच्याही गाडीचं मडगार्ड गळून पडलं की शिव्या आर्वो किनुनेनला बसायच्या. नगरपालिकेची मीठगाडी तोच चालवायचा. टेकडीवरून थेट सरोवरात उतरणारे ते रस्ते. बर्फावर मीठ पडलं नाही तर माणूस कामावर जायला निघून पाण्यात पोचायचा, आणि मीठ पडलं तर गाड्यांच्या पत्र्याचा भुगा व्हायचा. माणसं वाचवायची आणि गाड्या खायच्या, असा आर्वोचा धंदा होता.

"आर्वो, माझं मागचं दार खाल्लं रे तुझ्या मिठानं," पोस्टमन रायनो कॉफीच्या टेबलावर हटकून म्हणायचा.

"नुसतं दारच? मग पोट बिघडलं असेल त्याचं," आर्वो म्हणायचा. "अरे, अख्ख्या गावानं माझं मीठ खाल्लं, जागलं कोण? माझा पगारसुद्धा माझ्याच गाडीची गंजलेली भोकं बुजवायच्या पुट्टीत जातो."

लोक हसायच्या आत स्वतःवर हसून मोकळं व्हायचं, ही आर्वोची जुनी खोड. फजिती आपणच आपल्या हातानं वाटून टाकली की दुसऱ्याला काही शिल्लक राहत नाही, असा त्याचा हिशेब. आणि हसण्यासारखं त्याच्याकडे भरपूर होतं, कारण मीठवाल्याकडे स्वतःची चौसष्ट सालची व्हॅलियंट मोटार होती.

इंजिन अमर, देह नश्वर, असं तो त्या गाडीबद्दल खुद्द पाद्रीबाबांना सांगायचा. इंजिन खरंच मरत नव्हतं. अधूनमधून एवढंच व्हायचं, की किल्ली फिरवली की सुरू आणि किल्ली सोडली की बंद. मग कप्प्यातून चिनीमातीचा बोटभर सुटा भाग काढायचा, जुन्याच्या जागी बसवायचा आणि निघायचं. असे दोन-चार भाग तो चॉकलेटं ठेवावीत तसे जवळ बाळगून असे. देहाचं मात्र कठीण होतं. पुढच्या काचेखालून पाणी झिरपायचं आणि पायाखालचा गालिचा वर्षभर ओला. दारांच्या खालच्या कडा बोटानं दाबल्या की आत जायच्या. बायको हेल्मी बसायची त्या बाजूचा तळ कधीच गंजून गेला होता. तिथे आर्वोनं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, जुन्या शेगडीचा पत्रा ठोकला होता. पुढे पाणी दिसलं की तो ओरडायचा, "डबकं!" आणि हेल्मी न बघता दोन्ही पाय उचलायची. चर्चमध्ये 'आमेन' म्हणावं इतक्या सवयीनं.

दर शरद ऋतूत आर्वो गाडीखाली झोपून तिला जळकं तेल माखायचा. हेल्मी म्हणायची, "माझ्या पाठीला कधी लावलं नाहीस रे एवढ्या प्रेमानं."

"तुला गंज कुठे चढतोय?" आर्वो म्हणायचा, आणि तीही हसायची.

एक गोष्ट मात्र त्याच्या विनोदांत कधी आली नाही. मीठगाडी स्वतःच्या गल्लीत आली की तो हळूच दांडा खाली ओढायचा. मीठ उधळणारी मागची चकती थांबायची, मीठ थांबायचं. घराचा तेवढा उतार ओलांडला की दांडा पुन्हा वर. बाकीचं गाव खारट झालं तरी चालेल, पण व्हॅलियंटच्या दारातला रस्ता गोडा राहिला पाहिजे. समोरच्या म्हाताऱ्या एकब्लाडबाई बादलीभर राख पसरत पसरत पोस्टाच्या पेटीपर्यंत जायच्या आणि त्याला सुनवायच्या, "तुझ्या दारातच बरा काचेचा रस्ता!" आर्वो म्हणायचा, "काय करू बाई, आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलं की चकतीच अडकते. माझं नशीबच तसलं." हेल्मीलाही त्यानं हेच सांगितलं होतं. तिनं विश्वास ठेवला. न ठेवायला कारण काय होतं?

हेल्मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात न्याहारीच्या पाळीला असायची आणि गाडी तीच न्यायची. फेब्रुवारीत एका पहाटे पाऊस पडता पडताच गोठला. आर्वो टेकडीच्या पायथ्याच्या आडव्या रस्त्यावर मीठ टाकत सावकाश चालला होता. कोपऱ्यावर त्यानं आरसा पाहिला. आरशात त्याच्याच गल्लीच्या उतारावरून व्हॅलियंट येत होती, आडवी. हेल्मी स्टिअरिंग धरून ताठ बसली होती. चाकं एका दिशेला, गाडी दुसऱ्या दिशेला, आणि दोघींचंही आर्वोच्या मीठगाडीशी येऊन थांबायचं ठरलेलं.

धाडकन आवाज झाला. आर्वोनं गाडी थांबवली, पण दांडा ओढायचं घाबरून विसरला. मागची चकती फिरतच राहिली. बॉनेटवर, टपावर, काचेवर नुसता मिठाचा वर्षाव. इतकी वर्षं जिला दारात मिठाच्या वाऱ्याला उभं केलं नव्हतं, तिची कोणी दृष्ट काढावी तसं मीठ उधळलं जात होतं. आर्वो उडी मारून खाली उतरला, धावत गेला आणि पुढच्या मडगार्डाशी वाकला.

त्यानं त्यावरून हात फिरवला. कडेपासून दिव्यापर्यंत, नीट. मग मान वर केली, तर हेल्मी काच खाली करून त्याच्याकडे बघत होती. तिचं कपाळ फुटलं होतं आणि रक्त भुवईपर्यंत आलं होतं.

"अडकत नाही की रे तुझी चकती," ती म्हणाली.

आर्वोनं तोंड उघडलं. जिभेवर एकही विनोद आला नाही.

"आणि तू आधी मडगार्ड पाहिलंस," हेल्मी म्हणाली.

तिनं भांडण केलं नाही, हेच वाईट झालं. रुमाल कपाळाला लावून ती मीठगाडीत त्याच्या शेजारी चढून बसली. बर्फाचा चढ असला की मीठगाडी उलटी चढवायची असते, म्हणजे चाकांना आपलंच मीठ मिळतं. आर्वो आरशात बघत मागे मागे निघाला. दांड्यावर हेल्मीचा हात होता. तिनं तो एकब्लाडबाईंच्या दारापर्यंत खाली येऊ दिला नाही. बाई राखेची बादली घेऊन पायरीवर उभ्याच होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि आत गेल्या.

एवढी मोठी फजिती वाया घालवणारा आर्वो नव्हे. कपाळाचे टाके निघायच्या आतच गोष्ट कॉफीच्या टेबलावर पोचली, तीही तिखटमीठ लावून. दांडा कसा चोरून ओढायचो, बाईंना काय थापा मारायचो, सगळं सगळं. "मग मी उडी मारून उतरलो," तो सांगायचा, "आणि आमची हेल्मी म्हणते, अडकत नाही की रे तुझी चकती!" सगळे टेबल बडवून हसायचे. शनिवारी हेल्मीही असायची. ती वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खात राहायची.

एका शनिवारी रायनोनं नव्या पाहुण्यासाठी ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. आर्वो रंगात आला. "मग मी उडी मारून उतरलो, आणि—"

"उतरलास. मग?" हेल्मी म्हणाली.

आर्वो थांबला. तिनं पाव बशीत ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होती.

"मग," आर्वो म्हणाला, "मी आधी मडगार्ड पाहिलं. हिच्या कपाळातून रक्त येत होतं, आणि मी मडगार्डावरून हात फिरवत बसलो होतो."

रायनो कपातल्या कॉफीत बघत राहिला.

"बरं, मग मडगार्डाला काय झालं होतं?" हेल्मीनं विचारलं. "तेही सांग."

"काही नाही," आर्वो म्हणाला. "पत्रा तिथला कधीच संपला होता गं. मी माझीच पुट्टी तपासत होतो."

तेव्हा हेल्मी हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आर्वोला मात्र त्या दिवशी काही केल्या हसता आलं नाही.