रविवारचं सार

रविवारी सकाळी दहाला पाच कमी असले, की सानपाड्याच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कमळाकरच्या दारापुढे चपलांचा ढीग पडायचा. आत सतरंजी अंथरलेली असायची. कमळाकर टीव्हीशेजारी उभा राहायचा, खाकरायचा आणि मागच्या रविवारचं सार सांगायचा.

सार म्हणजे ‘तारायान’ या मालिकेचं. सातआठ माणसं एका यानात बसून आभाळ पालथं घालीत हिंडतात, अशी ती परदेशी मालिका, आपल्याकडे हिंदीत बोलणारी. कमळाकरच्या गावी, वाईच्या बाजूला, श्रावणात पोथी लागली की आधी कालच्या अध्यायाचं सार सांगायची रीत होती. ती रीत त्याने पत्र्याच्या ट्रंकेबरोबर इथवर आणली आणि तारायानाला लावली. सार झाल्याशिवाय आवाज वाढवायचा नाही, हा घरचा नियम.

यानातल्या इंजिनवाल्या म्हाताऱ्याला तो फोरमन म्हणायचा. स्वतः कमळाकरने तळोज्याच्या कारखान्यात बॉयलरवर बावीस वर्षं काढलेली. त्यामुळे सारात फोरमनच्या वाट्याला पराक्रम जरा सढळ हाताने यायचा. पडद्यावर फोरमनने एक चाक फिरवलं असेल, तर सारात तीन फिरायची.

“अहो, दोन मिनिटं तर होता तो,” त्याची बायको मीना चहाचे कप फिरवता फिरवता म्हणायची.

“तुला बॉयलरमधलं काय कळतंय?”

सतरंजीवर सगळ्यांत पुढे सुमित्राबाई. मूळची इथली आगरी म्हातारी. ही इमारत तिच्या भातशेतावर उभी, म्हणून ती कुणाच्याच दाराची घंटा वाजवत नसे. “माझे शेतान यायला मी घंटी वाजवू काय?” असं विचारून थेट आत यायची. हिंदी तिला बेताची कळे, तेव्हा साराची खरी गिऱ्हाईक तीच.

सगळं सुरळीत होतं, तोवर तारायानाचा सिनेमा निघाला आणि वाशीच्या थिएटरात लागला.

बातमी आणली तळमजल्यावरच्या प्रसादने. हा न्हावा शेव्याला कस्टमच्या एजंटाकडे नोकरीला. दिवसभर मोठमोठी जहाजं बघून त्याला लहान काही आवडेनासंच झालं होतं. “काका, आता खरं तारायान बघाल. तुमच्या टीव्हीत ते साबणाच्या वडीएवढं दिसतं. जहाज काय टोपलीत घालून बघायची चीज आहे?”

कमळाकर तापला. “ती घरात बघायचीच गोष्ट आहे. सात वर्षं दर रविवारी ती माणसं या खोलीत येतात. आणि टीव्हीवर कोणी मरत नाही, कारण पुढच्या रविवारी त्याला यायचं असतं. सिनेमावाल्याला कसली पुढच्या रविवारची फिकीर?”

“लावा पैज. सिनेमा सरस ठरला तर रविवारचं सार मी सांगणार.”

कमळाकरला बॉयलरवर कोणी साहेब म्हणत नव्हतं, घरात मीना त्याचं ऐकून घेत नव्हती. आठवड्यातली ती पाच मिनिटं काय ती त्याची होती. पण इतक्या माणसांपुढे माघार कशी घ्यायची? “लागली,” तो म्हणाला. निवाडा करायचा सुमित्राबाईने, असं ठरलं.

पुढच्या शनिवारी सगळी वरात वाशीला गेली. दिवे गेले, पडदा उजळला आणि कमळाकर सवयीने उठून उभा राहिला, खाकरला. “तर मंडळी, मागच्या रविवारी...”

“ओ काका, बसा ना खाली! डोकं काढा!” मागून पन्नास माणसं ओरडली. मीनाने सदरा ओढून त्याला बसवलं.

मग पडद्यावर यानाचं इंजिनघर आलं. बैलगाडीच्या चाकाएवढी व्हॉल्व्हची चाकं, वाफेचे लोट, छपरापर्यंत चढलेले पाइप, आणि मधोमध घामाने चमकणारा फोरमन. कमळाकरच्या अंगावर काटा आला. बावीस वर्षं तो घरी सांगत होता, बॉयलर म्हणजे काय असतं, आणि मीना भाजी निवडत हूं हूं करीत होती. आता तीच तोंड उघडं टाकून बघत होती. इथे एका चाकाची तीन करायची गरजच नव्हती.

शेवटी यान वाचवताना फोरमन मेला.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी सुमित्राबाईला घेरलं. तिने पदराने नाक पुसलं. “टीवीच बरा. हितं चांगला मानूस मारून टाकला मेल्यांनी.”

“पण आजी, ते यान...”

“यानाला काय चाटाचाय?”

प्रसाद हिरमुसला. कमळाकरने मिशीवर हात फिरवला खरा, पण त्या रात्रीचं जेवण त्याला गोड लागलं नाही.

मंगळवारी त्याला बदली सुट्टी मिळाली होती. मीनाला ओव्हरटाइम सांगून, डबा घेऊन तो घराबाहेर पडला आणि तळोज्याऐवजी वाशीला दुपारच्या खेळाला जाऊन बसला. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. इंजिनघर आलं तसा तो खुर्चीच्या टोकाला सरकला. त्याचे हात हवेतल्या हवेत चाकं फिरवू लागले. मग फोरमन पडला आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, “गेला गं बाय!”

आवाज ओळखीचा होता.

खेळ सुटल्यावर थिएटरच्या पायरीवर दोघं समोरासमोर आली. सुमित्राबाईच्या नजरेने आधी डबा टिपला.

“कामाला चाललास वाटतं?”

“घरी ओव्हरटाइम सांगितलाय. आणि तुम्ही? इथे चांगला माणूस मारतात ना?”

“म्हनूनच आले.” ती पायरीवर बसली. “माझा म्हातारा गेला तवा घरान पन्नास मानसं. पाव्हन्यांचा च्या करू का रडू? तुझे घरी पन तसाच, समदी बगतान. हितं काळोख बरा हाय. कोन इचारीत नाय.”

कमळाकरने डबा उघडून अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. दोघांनी वांग्याची भाजी संपवली.

“मग मी पैज हरलो की,” तो शेवटी म्हणाला. “तुम्हाला सिनेमा आवडला, मलाही आवडला. सार प्रसादचं.”

“गप. निवाडा मी केलाय, तो फिरायचा नाय. प्रसादचे सारान फोरमन एकच चाक फिरवल. मना तीन पायजेत.”

रविवारी चपलांचा ढीग नेहमीसारखाच पडला. टीव्हीवर मालिका चालूच होती, तिथे फोरमन अजून जिवंत होता. कमळाकर उभा राहिला, खाकरला, सार सांगू लागला. इंजिनघरापाशी आल्यावर मात्र थांबला.

“प्रसाद, सिनेमात यान केवढं होतं ते तू सांग. मला सांगता येत नाही.”

प्रसाद आधी कमळाकरकडे बघत राहिला. मग हात पसरून असा काही सुटला, की शेजारच्याचा कप लवंडला. तो संपल्यावर कमळाकरने फोरमनला हातात घेतलं आणि तीनऐवजी चार चाकं फिरवली.

“वाढीव आता आवाज,” सुमित्राबाई म्हणाली, आणि मीना चहा घेऊन येताच तोंड वळवून पुढे म्हणाली, “काय रं कमळाकरा, मंगळवारचा ओवरटाइम कसा जाला?”

कमळाकरने घाईघाईने आवाज वाढवला.