नर्सआत्या गाव बघायला जाते

नर्सआत्या कधी निवांत बसून चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. बशी हातात, एक पाय उंबऱ्याबाहेर आणि डोळे रस्त्याकडे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूळची शिरगावची, पालघरच्या दवाखान्यात नर्स. बाळंतिणी बघायला गावोगाव पायी जायची. वडील म्हणायचे, "अक्का, बैलगाडी तरी घे." ती म्हणायची, "बैलाला घाई नाय रे. मला हाय."

घाई मलाही होती, फक्त कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं, बोईसर स्टेशनवर हिंदी ऐकू यायला लागली होती आणि वडिलांचं ठरलं होतं: मॅट्रिक झालीस, आता टायपिंग शीक, इथेच नोकरी मिळेल. मला कॉलेजचं गाव हवं होतं. खोलीपासून कॉलेजात चालत जाता येईल, वाटेत पुस्तकांचं दुकान, मुलीला एकटीने बसून चहा पिता येईल असं हॉटेल आणि मागे टेकडी. तोवर मी उणीपुरी सहा पुस्तकं वाचली होती, त्यातल्या दोनांची शेवटची पानं फाटलेली. पण तोरा विदुषीचा!

वडिलांनी अट घातली. "अक्काला गाव पसंत पडलं तर जा. या जूनला नाही जमलं तर टायपिंग."

आत्याची गाव पारखायची रीत एकच, चालायचं. बडोद्याला आम्ही सकाळपासून चाललो. रस्ते रुंद, झाडं मोठी, मराठी बोलणारी माणसंही भेटली. आत्या खूश. मीच नाक मुरडलं, टेकडी नाही म्हणून.

"पालघरात किती टेकड्या चढलीस गं?"

एकही नाही. पण कबूल करते थोडीच!

मग पुणं. कॉलेजात नाव लागलं, राहायची सोय तेवढी बाकी होती. आत्याने वसतिगृहापासून कॉलेज, तिथून पुस्तकांचं दुकान, तिथून टेकडीचा पायथा अशी पायपीट करवली. पांढरं पातळ वर खोचलेलं, हातात छत्री, काखेत कागदाचं पुडकं. मी मुद्दाम दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखी. "पोरी, पाय दुकतात काय?" ती अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडायची.

पुडकं उघडलं ते वसतिगृहाच्या बाईंसमोर. आमच्याकडे मुलीला ज्या घरी ठेवायचं, तिथे रिकाम्या हाताने जात नाहीत. आत्याने निवडक सुके बोंबील आणले होते. "घरचे हायत. बांबूवर सुकवलेले, वाळूतले नाय."

बाईंनी पदर नाकाला लावला. "अहो, इथे अंडंसुद्धा चालत नाही! जागा भरल्या आहेत. या तुम्ही."

बाहेर येऊन मी भर रस्त्यात भोकाड पसरलं. "तुझ्या बोंबलांनी माझं आयुष्य नासवलं!" आयुष्य ते केवढं, सतरा वर्षांचं.

आत्याने पुडकं माझ्या हातात कोंबलं आणि एकटी परत आत गेली. दाराशी मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनाही "तुमाला नाय कळत" म्हणणारी ही बाई म्हणत होती, "चूक माजी हाय, बाई. पोरीचं काय नाय त्यात. ती तर खात पण नाय." हे धादांत खोटं. येताना गाडीत बोंबलाची चटणी मी एकटीने संपवली होती.

जागा मिळाली. आत्या बाहेर आली, पुडकं परत काखेत मारलं. "गाव चांगलं हाय. चालून चालून लवकर सपायचं नाय. स्टेशनावर येतेस सोडायला?"

"पुस्तकांचं दुकान बंद होईल गं."

दुपारचे चार वाजले होते. "बरं," म्हणाली आणि छत्री उघडून चालू लागली. वळणापर्यंत एकदाही थांबली नाही. मी दुकानात दीड तास घालवला आणि एकही पुस्तक घेतलं नाही.

पुढे पुण्यात चार वर्षं काढली. टेकडी चढले, चहा एकटीने प्यायले, सगळं आत्याला लिहून कळवलं. तिचं उलट टपाली कार्ड यायचं: "टेकडीच्या पल्याड काय हाय? बघून लिही." मी बघून यायचे, चार-चार पानं लिहायचे. चौथ्या वर्षी ती गेली. एवढ्या सगळ्या पानांत, आत्या, तूच ये ना बघायला, ही एक ओळ माझ्याकडून लिहिली गेली नाही.