सातवं कडं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्यावरही कोणाचा नव्हता. जुन्नरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा हंगामी लेक्चरर होतो. गोम आणि वाणी यांतला फरक वर्गात हातावर घेऊन दाखवायला गेलो, तेव्हा हातावर घेतली ती गोम निघाली. अंगठा आठवडाभर भोपळ्याएवढा. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी चालेल... मी बऱ्याच वेळा हसण्याचा प्रयत्न केलाय.

नव्वदच्या दशकाची अखेर. एम.फिल. पूर्ण केलं तर नोकरी कायम होणार होती, नाहीतर जूनमध्ये बाहेर. विषय – जुन्नर-आंबेगावातल्या वाणींची कुळं. वाणी म्हणजे तो लांबट, असंख्य पायांचा किडा, बोट लावलं की गुंडाळून बसतो तो. त्याचं कूळ रंगावरून ठरत नाही. अंग कड्याकड्यांचं असतं, आणि प्रौढ नराच्या सातव्या कड्यावर ते ठरतं. तिथले पाय चालायचे नसतात, मीलनासाठी त्यांचे आकडे, चमचे, सुया झालेल्या असतात. प्रत्येक कुळात त्यांची घडण वेगळी. ते बघायचे तर वाणी सहाव्या कड्यामागे मोडायचा आणि चिमट्याने उपसायचे. मादी किंवा पिल्लू असेल तर मोडून काही उपयोग नाही. हे मला कळेपर्यंत मी दीडशेएक माद्या मोडल्या होत्या. त्यांच्या रसाने बोटं जांभळी-तपकिरी झालेली असायची, आयोडीनसारखा वास, आणि मोडताना येणारा तो बारीक ‘कट्’ आवाज.

राहायला नारायणगावात, एसटी स्टँडच्या मागे, कांतिशेठच्या घरामागच्या खोलीत. कांतिशेठचं पेठेत कापडाचं दुकान. राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब, पण तीन पिढ्या इथे, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. खोली देताना एकच अट घातली.

“सर, घरात हिंसा नको. ढेकूण झाला तरी मला सांगा, मी उचलून नेईन.”

“शेठ, मी फक्त पाय मोजतो,” मी म्हणालो. अर्धं खरं होतं. मोडण्याचं काम कॉलेजातच करायचो.

मग त्यांना नादच लागला. संध्याकाळी दारात उभे राहून विचारायचे, “काय सर, किती झाले?” पहिल्या कड्याला पाय नसतात, पुढच्या तीन कड्यांना एकेक जोडी, नंतर दोन-दोन – हे त्यांना पाठ झालं होतं. इतका गरीब स्वभावाचा माणूस मी पाहिला नाही. दिव्याभोवती पाखरं आली तर दिवा घालवून अंधारात बसायचा.

त्या शनिवारी आमचा बबन, बोरी बुद्रुकचा माझा मित्र, मोटरसायकलवर मला आहुप्याच्या जंगलात घेऊन गेला. कुजलेल्या पाल्याखाली एक वाणी मिळाला. लालसर, करंगळीएवढा जाड... आणि नर! या जातीच्या माझ्याकडे नुसत्या माद्याच होत्या. आनंदाने उडी मारली ती किडे मारून ठेवायच्या स्पिरिटच्या बाटलीवर.

“राव, तुमी किडं धरताय का नाचताय?” बबन म्हणाला.

स्पिरिट जमिनीत मुरलं, म्हणून नर जिवंतच बिस्किटाच्या डब्यात घालून आणला. सोमवारी गाइडना मसुदा द्यायचा होता. रविवारी कॉलेज बंद. डिसेक्शनचा मायक्रोस्कोप मी घरी आणून ठेवला होता – काळा, लोखंडी बैठकीचा, कोपऱ्यावर रंगाचा पोपडा सुटत आलेला.

रविवारी भर दुपारी मी दाराला कडी घातली. शेठ दुकानात होते, रविवार लग्नाच्या खरेदीचा. मेणाच्या ट्रेवर वाणी ताणला, दोन्ही टोकांना टाचण्या मारल्या. तो जिवंत होता. पाय लाटेसारखे हलत होते. स्पिरिट नव्हतं त्याला मी काय करणार – असं मी स्वतःला सांगितलं. सुई घेतली, त्याच्या अंगावरची कडी मोजली, सातव्यावर टोक टेकवलं...

“काय सर, किती झाले?”

मागे कांतिशेठ. पांढरा सदरा, धोतर. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी माझे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. नाकाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. पाठीत गुडघा रोवला, आणि कवटीखालून अंगठ्याने माझे मणके मोजायला सुरुवात केली. शांतपणे, रोजच्या आवाजात.

“एक... दोन... तीन...”

मी ओरडत होतो. तोंडात रक्त, आवाज फुटेना. “पाच... सहा...” सातला अंगठा थांबला, आणि त्यांनी दाबलं.

कट्.

पाय गेलेच. हाताला लागला तो मायक्रोस्कोप उचलून मी मागे भिरकावला. बैठक कशावर तरी दणकन् बसली. पकड सुटली. मी जमिनीवर कोसळलो आणि वळून पाहिलं.

खोलीत कोणी नव्हतं. दाराची कडी आतून लावलेली होती.

थोड्या वेळाने बबन दार बडवू लागला. “सर! उघडा! शेठला दवाखान्यात न्यायचंय!” मी उठू शकेना. त्याने लाथ घालून दार तोडलं आणि मला बघून जागीच थबकला. “आयला... तुमाला कुनी फोडलं?”

“शेठनी. आत्ता.”

“येड लागलं का? शेठ माझ्यासमोर व्हतं. बहिणीच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलतो. पाच मीटर सांगितलं, तर ह्ये मीटरपट्टी घिऊन मोजतच सुटलं. सातावर थांबलं, दात-ओठ खाल्लं, अन् कपाळ आपोआप फुटलं बगा! सगळं पांढरं कापड लाल. कुनी हात लावला न्हाई. दुकानात बाया लई किंचाळल्या.”

दवाखान्यात आम्ही शेजारी शेजारी. माझ्या मानेच्या सातव्या मणक्याला बारीक तडा, नाक मोडलेलं. पायांत हळूहळू मुंग्या येऊ लागल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, “दोघं भांडलात का?”

“मी दुकानात होतो,” शेठ पुटपुटले.

टाके घालण्याआधी डॉक्टरांनी शेठच्या जखमेतून चिमट्याने काहीतरी काढून ट्रेमध्ये टाकलं. काळ्या रंगाचा पोपडा. “कापडाच्या दुकानात हे कुठून आलं हो?”

शेठ माझ्याकडे वळले. “सर... तो आहे?”

डब्यातून आणलेल्या त्या नराबद्दल मी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता.

“आहे,” मी म्हणालो.

“मग राहू दे ना.”

मानेला पट्टा घालून खोलीवर परतलो. वाणीचे पाय अजून हलत होते. मी टाचण्या उपटल्या. शिव्या घालत बबन त्याला परत आहुप्याला सोडून आला. मसुद्यात त्या जातीपुढे मी लिहिलं – ‘प्रौढ नर मिळाला नाही, कूळ अनिश्चित.’ गाइडनी वही माझ्या अंगावर फेकली. जूनमध्ये कॉलेजात दुसरा लेक्चरर आला, आणि मी एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो.

मित्र म्हणतात, उन्हाने घेरी आली असेल, टेबलावर पडला असशील. असेलही. मग तो पोपडा? सात मीटर? ती कडी? त्यानंतर मी एकही वाणी मोडला नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा दुकानात गिऱ्हाईक नसताना मी शेठना सरळ विचारलं, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं? ते कापडाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, “दिसलं काही नाही, सर. पण हाताला फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याचेच उपास करतोय अजून.”

बरं वाटत होतं म्हणजे कसं, हे मी विचारलं नाही. वाणी मोडताना येणाऱ्या त्या ‘कट्’पासून ते मला ठाऊक होतं.