रेस बंद झाली, नाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय आला की मी घाईघाईने दिवा सारखा करायला लागते. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

येत्या रविवारी सिंगापूरची रेस आहे. फॉर्म्युला वनचं वेड असलेल्यांचा असा आठवडा कसा जातो, ते वेड नसलेल्यांना कळायचं नाही. सोमवारपासून डोक्यात तेच. पोलला, म्हणजे सगळ्यात पुढे, कोण उभा असेल? पाऊस येईल का? शहरातल्याच रस्त्यावरची रेस, दोन्ही बाजूंना भिंती, जरा चुकलं की गाडी भिंतीवर — मग सगळ्यांना हळू करायला लावणारी सेफ्टी कार कितव्या लॅपला, कितव्या फेरीला येईल? बावन्न वर्षांची, एकटी राहणारी, रंगाच्या कंपनीत क्वालिटी तपासणारी बाई मी. मला हे शोभतं का? धाकट्या भावाने लावलेलं वेड. तो लग्न करून पुण्याला गेला, त्याचं सुटलं. माझं राहिलं.

पण मला रेसबद्दल सांगायचं नाहीये. नानांबद्दल सांगायचंय.

नाना म्हणजे हसुरामनाना. शिरवण्यात त्यांचं गॅरेज. माझी कंपनी तिथून जवळच, त्यामुळे स्कूटर बिघडली की त्यांच्याकडे. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी स्कूटरला हातही लावला नव्हता. नुसतं म्हणाले, "चालू कर." मग मान तिरकी करून ऐकलं आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगितलं. गॅरेजमध्ये एक जुना टीव्ही होता, त्यावर रेसचं पुनःप्रक्षेपण चाललं होतं. मी बघत उभी राहिले. "तुला कलतंय काय यातला?" त्यांनी विचारलं. मी कळतं म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची 'बाय' झाले.

पुढे साखरेने त्यांचे डोळे नेले. आधी एक, मग वर्षाच्या आत दुसरा. गॅरेज मुलाने सांभाळायला घेतलं आणि नाना घरात बसले. भेटायला गेले तेव्हा हिराकाकू — त्यांची बायको — मला दारातच हळू आवाजात म्हणाली, "बोलत नाय कोनाशी. जेवत पन नाय धड." मी आत गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "नाना, रविवारी रेस आहे. मी येते. मी बघेन, तुम्ही ऐका."

अशी चार वर्षं गेली. चार वर्षं, दर रेसचा रविवार.

मध्येच टीव्हीच्या चॅनेलवर रेस दाखवणं थांबलं. फोनवरच्या अ‍ॅपवर ती दिसायची. अ‍ॅप माझ्या फोनवर होतं. मी फोन त्यांच्या टीव्हीला जोडायची. त्या घरात दुसऱ्या कुणाला रेसमध्ये काडीचा रस नव्हता. म्हणजे नानांपर्यंत रेस पोचायची ती फक्त माझ्या हातून — हे नीट लक्षात ठेवा. मी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

नाना स्वच्छ सदरा घालून, टीव्हीकडे कान करून बसायचे. कॉमेंट्री इंग्रजी आणि भरधाव, ती त्यांच्या डोक्यावरून जायची. मी बोलत राहायची. आता डावीकडे वळला. आता निळी लालच्या मागे लागलीय. आता कुणीतरी भिंतीला घासला. "कोन म्होरं हाय?" ते दर दोन मिनिटांनी विचारायचे. आणि गाडीतल्या कॅमेऱ्याचा आवाज आला की हात वर करायचे, म्हणजे मी गप्प बसायचं. ड्रायव्हरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आहे की नाही, ते ऐकायचे. "पाय उचलतोय हा. लवकर उचलतोय. टायर गेला याचा." आणि दोन लॅपमध्ये ती गाडी टायर बदलायला आत यायची. मला दिसत असूनही जे कळायचं नाही, ते त्यांना ऐकून कळायचं. सिंगापूर त्यांची सगळ्यात लाडकी. भिंतींमुळे आवाज परत येतो म्हणायचे. पंधरा पंधरा दिवस आधीपासून विचारायचे, "कवा हाय गो आपली भिंतीवाली?"

मला आवडायचं का हे? आवडायचं. खोटं कशाला सांगू? पण थकायलाही व्हायचं. घसा दुखायचा. कधी वाटायचं, एकदा तरी रेस नुसती बघावी. तोंड न उघडता.

— हे बघा, मी कारण द्यायला लागले. ते नको.

दोन वर्षांपूर्वी सीवूड्सच्या मॉलमध्ये केतकी भेटली. माझ्या पिशवीवर रेसच्या झेंड्याचा बिल्ला होता, तो बघून तिनेच हाक मारली. तिशीतली मुलगी, आयटीतली. त्यांचा सहा-सात जणांचा ग्रुप. तिच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मोठ्या पडद्यावर रेस बघायचे. आठवडाभर आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर भाकितं, पैजा, भांडणं. मला त्यांनी ग्रुपमध्ये घेतलं. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, अमका टायर लवकर संपवतो, त्याचा पाय आधी उचलला जातो, त्याच्या गाडीचा आवाज ऐका. सगळे चकित. रविवारच्या शर्यतीत तसंच झालं. "ताई, हे कुठून शिकलात तुम्ही?" केतकीने विचारलं.

मी लिहिलं — ऐकून ऐकून येतं.

तुम्हाला वाटेल, एवढंच? दुसऱ्याची अक्कल आपली म्हणून सांगितली, एवढंच? नाही. ते तर मी विसरूनही गेले असते.

पुढची रेस सिंगापूरची होती. केतकी म्हणाली, रविवारी साडेपाचला या, सगळे येतायत. मी हो म्हणाले. आणि मग आठवलं, रविवारी नाना.

काय करता आलं असतं? पुष्कळ काही. सांगता आलं असतं की नाना, या वेळी मला बाहेर जायचंय. ते काही रागावले नसते. एक रविवार इकडे, एक तिकडे करता आलं असतं. पण मला एक रविवार नको होता, मला सगळे हवे होते. आणि दर वेळी नवी सबब कोण शोधणार? म्हणून मी एकदाच बोलायचं ठरवलं. म्हणजे पुन्हा बोलायला नको.

शनिवारी दुपारी स्कूटर काढून शिरवण्याला गेले. नाना ओट्यावरच होते. गल्लीच्या टोकाला माझी स्कूटर ऐकूनच त्यांनी ओळखलं. "आयलीस का गो बाय? आज कशी? उद्या हाय ना आपली भिंतीवाली?"

मी खाली बसलेसुद्धा नाही. म्हणाले, "रेस बंद झाली, नाना. आपल्याकडे दाखवत नाहीत आता. अ‍ॅपवरून काढून टाकली."

माझा आवाज अगदी सरळ होता. आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं, तुम्हाला ठाऊक आहे? चेहऱ्याचं काही करावंच लागत नाही.

मला वाटलं, विचारतील — का, कुणी काढली, कधी सुरू होईल. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मंग तू काय करशील गो? तू एकटी. तुला त्याबिगर करमायचं नाय."

मी काय म्हणाले असेन? म्हटलं, बघू, करमेल.

"आयतवारी ये तरी," ते म्हणाले. "रेस नाय तं नाय. बोलत बसू."

येते म्हणाले. गेले नाही.

दुसऱ्या दिवशी क्लबहाऊसमध्ये मी पहिल्यांदा रेस गप्प बसून बघितली. एसी, पॉपकॉर्न, भिंतभर पडदा. खूप मजा आली. लिहिताना हात अडतोय, पण मजा आली होती.

आणि अजून एक आहे. हे मी आधी गाळणार होते. दोन-तीन महिन्यांनी माझ्या तोंडून निघून गेलं की ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, दिसत नाही त्यांना, पण इंजिन ऐकून सगळं सांगतात. केतकी उठूनच बसली. "ताई, त्यांना घेऊन या ना! गाडी पाठवते मी. लिफ्ट आहे, काही त्रास नाही." तिने मनापासून म्हटलं होतं. बाकीचेही आणा, आणा म्हणाले.

मी म्हटलं, "ते कुठे जात-येत नाहीत."

का म्हटलं? खोटं उघडं पडलं असतं म्हणून? तेवढंच असतं तर बरं. माझ्या डोळ्यांपुढे नाना आले, त्या गुबगुबीत खुर्चीत बसलेले, मोठमोठ्याने 'कोन म्होरं हाय, कंची गारी हाय' विचारणारे. तोंडात मशेरी. आणि शेजारी मी, पुन्हा बोलत बसलेली, आणि सगळे वळून बघतायत. मला नानांची लाज वाटली. चार वर्षं ज्यांच्या घरी चहा-पोहे खाल्ले, त्यांची. ही खरी गोष्ट. ती मी स्वतःलाही सांगितली नव्हती.

मागच्या वर्षी, असंच सिंगापूर तोंडावर आलेलं असताना, फोनवर 'नाना गॅरेज' असे दोन मिस्ड कॉल आले. मी क्लबहाऊसमध्ये होते, केक कापत होते कुणाचा तरी. फोन उलटा ठेवला. नंतर करू म्हटलं. केला नाही.

ग्रुपचं काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. भांडण नाही, काही नाही. केतकीची बदली बंगळुरूला झाली. एकाला जुळी मुलं झाली. क्लबहाऊस मिळेना. ग्रुपवर आता वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या येतात. या वर्षीच्या सगळ्या रेस मी घरी बघितल्या, एकटीने. तोंड न उघडता. हवं होतं ना मला? कुणी जिंकलं की खोलीत नुसता टीव्ही ओरडतो. मी रिमोटने आवाज कमी करते.

गेल्या महिन्यात मी शिरवण्याला गेले. पश्चात्ताप झाला म्हणून गेले असं लिहायला आवडलं असतं. करमत नव्हतं म्हणून गेले.

नाना ओट्यावरच होते. स्कूटर अगदी पुढ्यात आणून उभी केली तरी त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, रागावलेत. "नाना," मी म्हटलं. काही नाही. हिराकाकू आतून आली, मला बघून क्षणभर थांबली आणि मग त्यांच्या उजव्या कानाशी वाकून ओरडली, "बाय आयलीय! स्कूटरवाली बाय!"

दिवाळीपासून ऐकायला येत नाही, काकू म्हणाली. डावा कान पुरता गेला. उजव्यात थोडं आहे. मशीन लावून बघितलं, नुसती खरखर होते म्हणून काढून टाकलं त्यांनी.

नानांनी हात पुढे केला, चाचपडत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. चेहरा उजळलेला. म्हणाले, "अगो, तुला सांगायचा व्हता! रेस चालू हाय! गॅरेजवर गिऱ्हाईक आयला व्हता, तो बोलला, फोनवर दिसते. मी हिराला बोललू, बायला फोन लाव, तिला ठाव नसंल. बिचारी एकटी बसली असंल आयतवारची."

"दोनदा लावला," काकू म्हणाली. "तू उचलला नाय."

काकू माझ्याकडे बघत होती. तिला दिसतं. तिला काय कळलं आणि काय नाही, ते मी विचारू शकत नाही.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मनगट त्यांच्याच हातात होतं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि ओरडून म्हणाले, "हो का, नाना? मला माहीतच नव्हतं."

गल्लीभर ऐकू गेलं असेल.

त्या रविवारी मी गेले, फोन टीव्हीला जोडला, आवाज शेवटपर्यंत वाढवला. नाना उजवा कान टीव्हीला लावून बसले. गाडीतल्या कॅमेऱ्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी सवयीने हात वर केला. मी गप्प बसले. बराच वेळ त्यांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो हळूच मांडीवर ठेवला.

"पाय उचलतोय का तो?" त्यांनीच मला विचारलं.

मला काय कळतं त्यातलं? मी त्यांच्या कानात ओरडले, "उचलतोय." ते समाधानाने हसले. मला ठाऊक नव्हतं तो उचलतोय की नाही.

येत्या रविवारी सिंगापूर. त्यांनी काकूकडून रोज दिवस मोजून घेतलेत. मी पाचला पोचेन. त्यांना खरं सांगेन का? नाही सांगणार. धीर नाही माझ्यात, तेव्हाही नव्हता. ज्या वर्षांत त्यांचे कान शाबूत होते, त्यातलं शेवटचं वर्ष मी त्यांच्यापासून काढून घेतलं, आणि तेव्हा जवळच्याच क्लबहाऊसमध्ये पॉपकॉर्न खात बसले होते. त्यांना वाटतं, आम्ही दोघं एकाच वेळी रेसवाचून उपाशी राहिलो.

रेस कधीच बंद झाली नव्हती.