घरच्यांची टर्मिन

ताईचे यजमान मानसशास्त्रज्ञ होते. पुण्याहून शिकायला म्हणून जर्मनीत आले, फ्रँकफर्टमध्येच त्यांनी प्रॅक्टिस सुरू केली आणि दोन मुलांचे बाप झाले. मी २००२ साली फ्रँकफर्टशेजारच्या एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तेव्हा त्यांच्या घरापासून एस-बान लोकलने वीस मिनिटांवर जागा घेतली. रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं.

भाऊजींची एक काळी डायरी होती. पेशंटच्या वेळा तिच्यात पेन्सिलीनं लिहिलेल्या असत, आणि त्यांच्याच रांगेत घरच्यांच्याही. मंगळवारी चार ते पाच मुलगा, बुधवारी चार ते पाच मुलगी, शनिवारी सकाळी ताई. तिथं नाव नसे, नुसतं 'घर' असं मराठीत, आणि ते मात्र शाईनं. त्या तासात फोन घ्यायचा नाही, काही विचारायचं नाही. मुलगी बोलली तर बोलली, नाहीतर दोघं नुसते नदीकाठी फिरून येत.

मला हे सगळं अतीच वाटायचं. पोटच्या पोरीलासुद्धा बापाची टर्मिन, म्हणजे भेटीची ठरवून घेतलेली वेळ, लागते, हे मी मित्रांना रंगवून सांगत असे. भाऊजींसमोरही सांगत असे. ते हसत. ते चिडत नाहीत याचाही मला राग येई.

तिसऱ्या हिवाळ्यात आमचा विभाग बंद झाला आणि माझी नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर बांधलेला. दुसरी शोधायला थोडी मुदत होती, पण मी शोधतच नव्हतो. सकाळी अर्ज भरायला बसायचो आणि दुपारपर्यंत तसाच बसून राहायचो. दोन-दोन दिवस आंघोळ होत नसे. हे असंच चाललं तर आपण यातून बाहेर येणार नाही, एवढं कळत होतं.

आपल्याकडे घरात डॉक्टर असला की सगळं गणगोत त्याच्याच दारात. दुसरीकडे गेलं तर उलट त्याचाच अपमान. तेव्हा एका रविवारी, ताई आत गेलेली पाहून, मी भाऊजींना म्हटलं की मला तुमच्याकडे यायचंय, पेशंट म्हणून.

ते सरळ नाही म्हणाले. घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत असा त्यांच्या व्यवसायाचा नियम होता. त्यांनी एका सहकारी बाईंचा नंबर कागदावर लिहून दिला. तो कागद मला तिथंच फाडावासा वाटला. सगळ्या गावाचं ऐकून घेणाऱ्या माणसाला बायकोच्या भावासाठी वेळ नाही, असं मी नंतर ताईला फोनवर सुनावलं. पुढचे दोन रविवार गेलो नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी भाऊजी माझ्या दारात उभे. कोट घाल म्हणाले. त्या बाईंची टर्मिन त्यांनीच घेतली होती. आम्ही एस-बानने तिकडे गेलो. मी आत असेपर्यंत ते वेटिंग रूममध्ये बसून राहिले, आणि बाहेर आल्यावर काही विचारलं नाही. पुढची वेळ लिहायला त्यांनी डायरी काढली तेव्हा मला ओळ दिसली. गुरुवार, चार ते पाच, घर. शाईनं.

मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"उपचार दुसरंही कोणी करेल," ते म्हणाले. "मला तुझा भाऊजीच राहायचंय."

मार्च संपेपर्यंत दर गुरुवारी ते असेच येत राहिले. एप्रिलमध्ये मला नोकरी लागली. तरी माझा तास त्यांनी खोडला नाही, फक्त संध्याकाळी सहावर ढकलला.

२००८ च्या ऑक्टोबरात भाऊजी हृदयविकारानं गेले. आपण त्यांच्यावर किती विसंबून होतो हे मला तेव्हा कळलं, आणि पहिल्यांदा आला तो त्यांचाच राग. त्या सहकारी बाई घरी आल्या, डायरी घेऊन बसल्या आणि एकेका पेशंटला फोन करून टर्मिन रद्द केल्या. पेन्सिलीच्या ओळी संपल्यावर त्यांनी डायरी ताईला परत दिली. शाईच्या ओळी डिसेंबरपर्यंत लिहून ठेवलेल्या होत्या. ताईला त्या बघवेनात, तिनं डायरी माझ्या हातात दिली.

भाची तेव्हा तेरा वर्षांची. बाप गेल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती, मराठीत नाही आणि जर्मनमध्येही नाही. पुढच्या बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि तिच्या खोलीचं दार वाजवलं. तिनं दार उघडलं, माझ्या हातातली डायरी पाहिली, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"नोख फ्युन्फ मिनुटन," ती म्हणाली. अजून पाच मिनिटं आहेत.

तिनं दार लावून घेतलं. मी कोट न काढता पॅसेजमध्ये उभा राहिलो. चार वाजता ती बूट घालून बाहेर आली.